टूर्निकेटचं प्रेशर भिंतीवरच्या कागदावरून ठरवू नका

टूर्निकेट म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हातापायातलं रक्त थांबवायला दंडाला किंवा मांडीला बांधायचा, हवेने फुगणारा पट्टा; या पट्ट्यालाच कफ म्हणतात. इंदूरमधल्या एका छोट्या ऑर्थोपेडिक नर्सिंग होममधल्या ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा प्रश्न असा आहे: ओटीच्या भिंतीवर ‘हात २५०, पाय ३५०, वेळ दोन तास’ असा कागद चिकटवलेला आहे आणि तो सगळ्या रुग्णांना सारखाच लागू होतो. मनगटाजवळच्या फ्रॅक्चरला प्लेट घातलेल्या एका सडपातळ बाईंचा पंजा दुसऱ्या दिवशी खाली लोंबत होता, मनगट वर उचलता येत नव्हतं. कफ दीड तास फुगलेला होता. मधे रक्त येत राहिलं म्हणून प्रेशर ३०० केलं होतं. चूक कुठे झाली, आणि पुढे काय बदलायचं?

सर्वात आधी तो कागद काढा. वेळेचा आकडा जवळपास बरोबर आहे, दाबाचे दोन्ही आकडे चुकीचे आहेत. २५० हा दाब एखाद्या जाडजूड, बीपी वाढलेल्या माणसाला कमी पडू शकतो आणि या बाईंना तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता. (इथले दाबाचे सगळे आकडे मिमी पाऱ्याचे आहेत.)

टूर्निकेट दोन वेगवेगळ्या वाटांनी इजा करतं. स्नायूला मारते ती वेळ. रक्त बंद झालं की स्नायूचा ऊर्जेचा साठा संपत जातो, आम्ल साचतं, आणि दोन तासांच्या पुढे हे नुकसान झपाट्यानं वाढतं. नर्व्हला (मज्जातंतूला) मारतो तो मुख्यतः दाब, आणि तोही कफच्या काठापाशी. कफच्या मधोमध दाब सगळीकडून सारखा असतो. काठाशी मात्र तो बोटभर अंतरात अडीचशेवरून शून्यावर येतो. या उतारावर नर्व्हमधल्या तंतूंचं आवरण एका बाजूला ढकललं जातं आणि एक तुकडा शेजारच्या तुकड्यात घुसतो. १९७२ मध्ये बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांत हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसलं होतं. जाड तंतूंना ही इजा जास्त होते, म्हणून रुग्णाची हालचाल जाते पण वेदनेची आणि गरम-गारची जाणीव बरीचशी शिल्लक असते. हातात रेडियल नर्व्ह सर्वात जास्त सापडते, कारण ती दंडाच्या हाडाला चिकटून जाते. म्हणून दोन तास झाले नव्हते, म्हणजे काही बिघडायला नको होतं, हे गणित नर्व्हला लागू पडत नाही. दीड तासात ३०० दाबाने सडपातळ दंडावर रेडियल नर्व्ह सहज दुखावते.

मग आकडा काढायचा कसा? त्या रुग्णाच्या त्या हातातलं रक्त नेमकं किती दाबाला थांबतं ते मोजायचं. याला लिंब ऑक्लूजन प्रेशर म्हणतात, ओटीत सगळे एलओपी म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे. भूल देऊन झाली, बीपी स्थिरावलं आणि पेंटिंग (चामडीला जंतुनाशक लावणं) सुरू व्हायचं आहे, ही त्याची वेळ. कफ बांधून झाल्यावर मनगटात रेडियल धमनीवर जेली लावून हातातला डॉपलर (रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं यंत्र) धरा, पायाला असेल तर पावलाच्या वरच्या बाजूच्या किंवा आतल्या घोट्यामागच्या धमनीवर. आवाज स्वच्छ ऐकू येऊ द्या. मग कफ हळूहळू, दहा-दहाने फुगवत न्या. झपकन फुगवलात तर खरा आकडा हुकतो. आवाज ज्या क्षणी जातो तो आकडा एलओपी. दाब थोडा कमी करून आवाज परत येतो का पाहा, म्हणजे डॉपलर घसरल्यामुळे आवाज गेला नव्हता याची खात्री होते. मग कफ पूर्ण रिकामा करा.

ऑपरेशनमध्ये बीपी थोडं वर-खाली होणार, म्हणून या आकड्यात भर घालायची. एलओपी १३० पर्यंत असेल तर ४०, १३१ ते १९० असेल तर ६०, त्याच्या वर असेल तर ८०. लहान मुलांत ५०. समजा या बाईंच्या मनगटातला आवाज १२५ ला गेला असता, तर कफ १६५ वर चालला असता. कागदावरच्या आकड्यापेक्षा ८५ ने कमी, आणि प्रत्यक्षात दिलेल्या दाबापेक्षा १३५ ने कमी.

हातातला डॉपलर नसेल तर बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरची लाट सपाट कधी होते ते पाहता येतं. डॉपलरइतकं ते नेमकं नाही, पण भिंतीवरच्या कागदापेक्षा कितीतरी बरं. तेही जमत नसेल, तर वरच्या बीपीत हाताला सुमारे ७५ आणि मांडीला १०० ते १५० मिळवा, आणि रुग्ण जितका सडपातळ तितकं खालच्या टोकाला राहा. मात्र बीपी वॉर्डातलं घेऊ नका. भीतीनं १५० झालेलं बीपी भूल दिल्यावर १०५ असतं. आणि भूलतज्ज्ञ बीपी मुद्दाम खाली ठेवणार आहेत की वर, हे कफ फुगवण्याआधी त्यांना विचारा.

कफ जितका रुंद, तितक्या कमी दाबात रक्त थांबतं. अरुंद कफला तेच काम करायला जास्त दाब लागतो आणि काठावरचा उतार आणखी तीव्र होतो. ऑपरेशनच्या जागेत अडथळा न येता बसेल असा सर्वात रुंद कफ घ्या. निदान हातापायाच्या व्यासाच्या निम्म्याहून रुंद तरी हवाच. लांबी अशी की गुंडाळल्यावर टोक ७ ते १५ सेंमी एकमेकांवर यावं. कमी पडला तर फुगताना वेल्क्रो सुटतो, फार आला तर सुरकुत्या पडतात आणि कफ गुंडाळत सरकतो. मांडी वर जाड, खाली निमुळती असते, तिथे सरळ कफ घसरतो. अशा मांडीसाठी शंकूच्या आकाराचे कफ मिळतात, एक तरी घेऊन ठेवा. स्थूल रुग्णात मदतनीसाने मांडीचं मांस गुडघ्याच्या दिशेने ओढून धरायचं, मग सॉफ्ट रोल (कापसाची मऊ पट्टी) आणि कफ बांधायचा. सोडल्यावर मांस कफखाली बसतं आणि कफ जागचा हलत नाही.

जागा दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या भागात, जिथे स्नायू भरपूर आहेत. कोपराजवळ अल्नर नर्व्ह उघडी असते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या डोक्याखाली पेरोनियल नर्व्ह, तिथे कफ नको. कफखाली ताणून बसेल असं स्टॉकिनेट (मोज्यासारखं विणलेलं कापड) दोन पदरी घाला, नसेल तर सॉफ्ट रोलचे दोन थर, सुरकुती न ठेवता. सुरकुतीखालच्या चामडीला ऑपरेशननंतर फोड येतात आणि नातेवाईक विचारतात, हे कुठून आलं? नळीचं तोंड ऑपरेशनच्या उलट बाजूला, वर ठेवा. फुगवलेला कफ चुकीच्या जागी आहे असं लक्षात आलं तर तो तसाच फिरवू नका, खालची चामडी आणि नर्व्ह पिळली जातात. सोडा, नीट बांधा, परत फुगवा. गुडघ्याजवळच्या कामात फुगवण्याआधी गुडघा पूर्ण वाकवून घ्या, नाहीतर मांडीचा पुढचा स्नायू कफखाली अडकतो आणि टेबलावर गुडघा वाकायला त्रास देतो.

चामडी भाजते ती बऱ्याचदा बेटाडीन किंवा स्पिरिट असलेल्या द्रावणाने. पेंटिंग करताना हात वर धरलेला असतो, द्रावण ओघळून सॉफ्ट रोलमध्ये शिरतं, वरून कफ फुगतो, आणि ओला कापूस दीड तास चामडीवर दाबून राहतो. ऑपरेशननंतर कफच्या रुंदीचा लाल पट्टा दिसतो, उद्या फोड येतात. स्पिरिटची वाफ अडकली आणि कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं विजेचं उपकरण) चालली तर आगसुद्धा लागू शकते. उपाय सोपा आहे: पेंटिंगच्या आधी कफच्या खालच्या काठाशी चिकटणारा प्लास्टिक ड्रेप गोल लावून जागा बंद करा. तरीही सॉफ्ट रोल भिजला तर सर्जन थांबले तरी चालतील, पण तो बदला.

अँटिबायोटिकची वेळ ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. सेफाझोलिन चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते कफ फुगण्याच्या आधी पूर्ण आत गेलेलं असायला हवं, हे बऱ्याचदा राहून जातं. औषध देऊन निदान पाच-दहा मिनिटं झाल्याशिवाय फुगवू नका. कफ फुगल्यावर दिलेलं औषध हातापर्यंत पोचतच नाही. व्हॅन्कोमायसिन हळू चढवावं लागतं, म्हणून ते त्याहून बरंच आधी सुरू करा.

फुगवण्याआधी हात किंवा पाय रिकामा करायला एस्मार्कची रबर पट्टी बोटांपासून वर गुंडाळतात. पू आहे, ट्यूमर आहे किंवा पायात रक्ताची गुठळी असल्याचा संशय आहे, तिथे पट्टी गुंडाळू नका. जे आहे ते वर ढकललं जाईल. अशा वेळी हात सरळ वर किंवा पाय पंचेचाळीस अंशांत दोन ते पाच मिनिटं उचलून धरणं पुरतं. गुठळीचा संशय असेल तर टूर्निकेट वापरायचंच का, हा विचार आधी करा. एस्मार्कची पट्टीच वर घट्ट बांधून टूर्निकेट म्हणून वापरणं मात्र बंद करा. तिच्याखालचा दाब कोणालाच कळत नाही आणि तो हजाराच्या पुढेही जातो. जर्मन शल्यतज्ज्ञ एस्मार्क यांनी १८७३ मध्ये ही पट्टी आणली आणि पुढे हात लुळे पडण्याच्या तक्रारी येत राहिल्या. म्हणून १९०४ मध्ये हार्वी कुशिंग यांनी हवेने फुगणारा, दाब मोजता येणारा कफ आणला. आज शंभर वर्षांहून जास्त काळ उलटल्यावर रबर बांधायचं काही कारण नाही.

आता तुमच्या प्रश्नातला गाभा: मधे रक्त का आलं, आणि ३०० करणं बरोबर होतं का? कफ फुगलेला असताना रक्त येण्याची पाच कारणं असतात. नळीत किंवा कफमध्ये गळती आहे आणि दाब खाली गेला आहे. बीपी वर चढलं आहे. सुरुवातीला हात नीट रिकामा झाला नव्हता. हाडाच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधून थोडं झिरपतंय, त्याला कफ काही करू शकत नाही. किंवा जुना मधुमेह, किडनीचा आजार यांमुळे धमनी चुन्यासारखी कडक झाली आहे आणि कफने दबतच नाही. तुमच्या बाईंच्या बाबतीत दुसरं कारण बघायला हवं होतं. कफ फुगून चाळीस-साठ मिनिटं झाली की टूर्निकेटची कळ सुरू होते. पूर्ण भूल असलेला रुग्ण काही बोलत नाही, पण त्याची नाडी आणि बीपी चढत जातं. बीपी चढलं की रक्त येतं, टेक्निशियन दाब वाढवतो, आणि मूळ कारण तसंच राहतं.

दाब अर्धवट असणं सर्वात वाईट. धमनीतून रक्त आत येतं, पण शिरांतून बाहेर पडत नाही, त्यामुळे हात निळसर फुगतो आणि चिरेतून गडद रक्त झिरपत राहतं. टूर्निकेट नसतं तर इतकं रक्त आलं नसतं. अशा वेळी नळीपासून सुरुवात करा: गेज काय दाखवतो, नळी दुमडली आहे का, भूलतज्ज्ञ बीपी किती सांगतात. बीपी खरंच २५ ने वाढलं असेल तर भूल खोल करायला सांगा आणि हवा असेल तर दाब तेवढाच, २५ ने, एकदाच वाढवा. हात फुगला असेल तर पुन्हा पंप मारत बसू नका. कफ पूर्ण सोडा, जखमेवर गॉज दाबून हात वर धरा, रिकामा होऊ द्या, मग परत फुगवा किंवा टूर्निकेटशिवाय पुढे जा.

हाताने पंप मारायच्या मशीनचा गेज खरं बोलतो का, हे कधी तपासलं आहे? काटा २५० दाखवत असेल आणि आत ३२० असेल, तर वरचं सगळं गणित फुकट. मशीन टेबलावर ठेवा, कफ स्वतःभोवती गुंडाळून ३०० पर्यंत फुगवा आणि पाच मिनिटं काटा पाहा. घसरला तर गळती आहे: बहुधा जोडावरची रबरी रिंग, वेल्क्रोजवळची शिवण किंवा कफमधला जुना फुगा. त्याच नळीला टी-जोडाने तपासून घेतलेला दुसरा गेज लावा आणि १००, २००, ३०० ला दोन्ही काटे जुळतात का पाहा. महिन्यातून एकदा हे करा आणि तारीख मशीनवर चिकटवा. दिवे गेले की विजेचं मशीन बॅटरीवर किती वेळ चालतं, तेही एकदा पाहून ठेवा. कफ फुगवायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नको. गळला तर ड्रेपखाली आगीचं सामान जमतं.

वेळेबद्दल: घड्याळ चीर दिल्यापासून नव्हे, कफ फुगल्यापासून सुरू. एक तास झाला की मोठ्याने सांगा, दीड तासाला परत सांगा, मग दर दहा मिनिटांनी. दोन तास ही कडेची हद्द आहे, ध्येय नाही. हाताला शक्यतो तास ते दीड तासात संपवा आणि लहान मुलांत सव्वा तासाच्या पुढे जाऊ नका. काम बाकी असेल तर कफ पूर्ण सोडून दहा-पंधरा मिनिटं रक्त फिरू द्या आणि दुसरी खेप पहिल्यापेक्षा छोटी ठेवा. वेळ वाचवण्याचा खरा मार्ग मात्र आधीचा आहे: ड्रेपिंग झालं, प्लेट-स्क्रू टेबलावर आले, सी-आर्मचा (ओटीतल्या एक्स-रे यंत्राचा) मॉनिटर लागला, मग फुगवा. कफ फुगल्यावर ड्रिलची बॅटरी शोधण्यात गेलेली दहा मिनिटं स्नायूच्या खात्यातून जातात.

सोडण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगा, दोन मिनिटांची सूचना पुरते. सोडल्याबरोबर बीपी पडतं, साचलेलं आम्ल, पोटॅशियम आणि कार्बन डायऑक्साइड अंगभर जातं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पहिल्या दोन-तीन मिनिटांत चढतो. आग्रा-मुंबई रोडवरच्या अपघातातला रुग्ण असेल, पाय मोडला आहे आणि डोक्यालाही मार आहे, तर हा चढ मेंदूतला दाब वाढवतो. अशा रुग्णात टूर्निकेट नसलेलं बरं. दोन्ही गुडघ्यांना कफ असतील तर दोन्ही एकदम सोडू नका. सोडल्यावर कफ आणि त्याखालचा सॉफ्ट रोल दोन्ही लगेच काढा. हवा काढलेला, पण तसाच गुंडाळलेला कफ शिरा दाबून ठेवतो आणि जखम रक्त गाळत राहते.

इंदूरात काम करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी इथल्या आदिवासी गावांतून रुग्ण आपल्याकडे येतात, आणि या पट्ट्यात सिकल सेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बराच आढळतो. कफखाली अडकलेल्या रक्तात ऑक्सिजन संपतो, आम्ल वाढतं, आणि अशाच रक्तात सिकल पेशी वाकड्या होऊन गुठळ्या करतात. केंद्राचं सिकल सेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात शहडोलला सुरू झालं. गावात तपासणी झालेली असेल तर रुग्णाकडे कार्ड असेल, ते मागा. नसेल तर साधी सॉल्युबिलिटी चाचणी करा, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी, म्हणजे आजार आहे की नुसता वाहक हे कळवणारी हिमोग्लोबिनची तपासणी. आजार असेल तर टूर्निकेट टाळा. नुसता वाहक असेल आणि कफशिवाय काम होणारच नसेल, तर हात आधी नीट रिकामा करा, रुग्ण गरम ठेवा, पाणी आणि ऑक्सिजन पुरेसा द्या, वेळ थोडकी ठेवा. ‘घरात कोणाला सांधेदुखी, कावीळ, वारंवार रक्त चढवणं असं आहे का?’ हा प्रश्न निमाडी किंवा भिली बोलणाऱ्या मदतनीसाकडून विचारला तर उत्तर खरं मिळतं.

डायलिसिसची फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) असलेला हात, बायपासची नळी घातलेला पाय, चिरडलेला पाय, या ठिकाणी कफ नको. हाताच्या बऱ्याच छोट्या कामांना तर हल्ली लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनलीनचं मिश्रण टोचून टूर्निकेटशिवायच काम होतं.

बोटाच्या कामाला ग्लोव्हचं बोट कापून, गुंडाळत तळाशी नेतात. ही रिंग ड्रेसिंगखाली विसरली तर दोन दिवसांत बोट काळं पडतं. रिंगला आर्टरी फोर्सेप्स लावून ठेवा, म्हणजे ती काढल्याशिवाय ड्रेसिंग करताच येणार नाही, आणि काउंटमध्ये गॉजबरोबर तिचीही मोजणी करा.

नोंदीत कफ कुठे, किती रुंद, एलओपी किती आला, दाब किती, केव्हा फुगवला, केव्हा सोडला, आधी आणि नंतर चामडी कशी होती, कोणी बांधला, एवढं लिहा. दोन मिनिटांत होतं.

आता त्या बाई. ब्लॉक (फक्त हात बधिर करणारं भुलीचं इंजेक्शन) दिला असेल तर त्याचा असर पूर्ण जायची वाट बघा, चोवीस तासांच्या पुढे मात्र ब्लॉकवर ढकलू नका. पंजा लोंबतो, बोटं मुळापासून सरळ होत नाहीत, अंगठा वर उचलत नाही आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या पाठीवर बधिरता आहे, पण कोपर ताकदीने सरळ होतो, हे चित्र असेल तर दंडात कफखाली रेडियल नर्व्ह दबली असं समजा. मनगटाजवळच्या प्लेटने हे होत नाही. हात टणक सुजला असेल आणि बोटं सरळ करताना बाई कळवळत असतील तर ते वेगळं, कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्त अडणं) आहे, त्याला तासभरही थांबू नका. साधी रेडियल पाल्सी (नर्व्ह दबून आलेला लुळेपणा) असेल तर मनगट उचलून धरणारं कॉक-अप स्प्लिंट आजच द्या, बोटांचे सांधे रोज दुसऱ्या हाताने पूर्ण सरळ करायला शिकवा, आणि तीन आठवड्यांनी नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी (नर्व्ह आणि स्नायूंच्या विजेच्या तपासण्या) करा. त्याआधी ईएमजीतून फारसं कळत नाही. कफमुळे झालेली पाल्सी बहुतेक वेळा काही आठवड्यांपासून तीन-सहा महिन्यांत भरून येते. हे त्या बाईंना सर्जननी स्वतः, समोर बसून सांगायला हवं: कफच्या दाबाने ही नर्व्ह सुन्न झाली आहे, आधी मनगट उचलायला लागेल, मग बोटं, अंगठा सर्वात शेवटी. दर आठवड्याला त्यांना मनगट उचलून दाखवायला सांगा आणि ते किती वर आलं हे तारखेसह लिहून ठेवा.